हकीकत थाटरातीच्या कायद्याची

॥ श्री ॥

श्रीवरुणदेव आणि श्रीशिवणयंत्र या उभयतांस दंडवत घालोन, कारण की एक जहाज तारितो आणि दुसरे अब्रू राखिते, बखर लिहावयास आरंभ केला. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, शुद्ध पक्षी, दर्यावर तरत्या एका राज्यात कोट आणि हाफ पँट या दो पक्षांमध्ये थोर कज्जा जाला, त्याची हकीकत ऐकिली तैसी लिहिली असे. वाचकांनी आधीच सावध असावे की या बखरीत हत्ती नाही, घोडा नाही, तोफ जहाजावर एकच, तीही वाढदिवसाचे रंगीत कागद उडवावयाची, आणि तीही या कज्ज्यात उडाली नाही, आणि रक्त म्हणाल तर टोमॅटोचे सार सांडले तितकेच. थोर लेखण्यांच्या वाट्यास थोर रणे आली, आमच्या वाट्यास पाटलोणीचे बटण आले, तेच शिरोधार्य मानोन लिहितो.

ते राज्य ऐसे की त्यास भूमी नाही, शीव नाही, पाटील नाही, कुळकर्णी नाही. पाण्यावर पांढरा डोंगर चालावा तैसे ते क्रूझ जहाज चाले, आणि आत दुकाने, नाटकशाळा, पोहावयाचे तलाव, आणि जिकडे पाहावे तिकडे खाणे. राजा म्हणजे कप्तान, खांद्यावर सोनेरी पट्टे, बोलणे थोडे. प्रजा आठवडाभराची, आठवडा सरला म्हणजे साऱ्या प्रजेस पेट्यांसहित राज्याबाहेर काढीत आणि नवी प्रजा भरीत, ऐसी सोय दुसऱ्या कोणत्या राज्यास साधली नाही. त्या राज्यात पूर्वापार कायदा ऐसा की सफरीत दोन राती थाटाच्या, त्यांस थाटराती म्हणत, आणि त्या राती मोठ्या भोजनमहालात शिरावयाचे तर पुरुषांनी काळा कोट आणि गळ्यास बो, आणि बायकांनी जरतार, नाही तर दारातून माघारी, मग तो सावकार असो की सरदार. पुढे काळ पालटला. विमानवाले पेट्या तोलू लागले आणि पेटीत कोट घ्यावा की चकली घ्यावी ऐसा पेच घरोघर पडला, आणि चकलीची फत्ते होऊ लागली. मग तरुण रयत बोलू लागली की हापिसात गळ्यास फास लावितोच, तो सुट्टीतही लावावा तर सुट्टी ती कोणती. मग सरकारने हुकुमाची विनंती केली, आणि विनंतीची सूचना केली, आणि सूचना कोणी वाचीना.

ऐशा समयी सांगलीचे राजश्री शशिकांतराव बेंद्रे त्या राज्यात दाखल जाले. हे वजनेमापे खात्यातून निरीक्षकपदावरून निवृत्त, आयुष्य सारे किलो हा किलोच आहे की नाही हे पाहण्यात गेले, म्हणोन सैल म्हणोन जे जे काही जगात आहे त्याजवर त्यांचा राग. कन्या नोकरीस लागोन स्थिर जाली, तिने आईबापांस ही सफर घडविली, आणि माहितीच्या कागदावर थाटरात हा शब्द वाचिताच रावांच्या मनी जन्माची हौस जागी जाली. त्यांस कोट शिवावयाचा होता. आजवर शिवविला नाही, कारण घालून जावे ऐसी जागा नाही. सांगलीत उन्हाळ्यात कोट घातलेला मनुष्य दिसला तर लोक त्यास रिक्षात घालोन दवाखान्यात नेतील. मग काळे कापड आणिले, आणि तीन वेळा माप देऊन कोट पाटलोण शिवविली, आणि आरशापुढे उभे राहोन बो बांधावयाचा सराव रोज करिते जाले. कुटुंब मंदाकिनीबाई यांणी आपली मोरपंखी पैठणी पेटीच्या तळाशी मलमलीत गुंडाळोन ठेविली, आणि त्याजविषयी अवाक्षर बोलिल्या नाहीत. आणि रावांनीही विचारिले नाही.

पहिली थाटरात आली तो बाईंस बोट लागली. लिंबू हुंगत खोलीत पडोन राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. तिथं कसं कसं आहे ते सगळं सांगा मला.” मग राव कोट चढवोन, बो बांधोन, बुटांत तोंड दिसेल ऐसे करोन भोजनमहाली गेले. महाल खराच थोर. छतास काचेची झुंबरे, मेजांवर पांढरी वस्त्रे, आणि सेवक खुर्ची मागे ओढोन बसवीत. राव बसले, पाठ ताठ केली आणि चहूकडे पाहिले, तो शेजारील मेजावर तासगावचे द्राक्षबागाईतदार जयवंत मोहिते बसलेले. अंगात पोपटांचा सदरा, खाली हाफ पँट, आणि दोही हातांनी कोळंबी सोलीत होते. मोहित्यांनी रावांकडे प्रेमाने पाहिले आणि पुसिले, “काका, लगीन हाय काय कुणाचं?” राव बोलिले, “आज फॉर्मल नाइट आहे.” मोहिते बोलिले, “हां, आलं व्हतं कागदात. म्हनून तर बनियन बदलून सदरा घातला.” परंतु खरे शल्य पोपटांचे नव्हे. खरे शल्य हे की इतका कोट घालोन आले आणि महालात कोणी मान वर करोन पाहिले नाही. मनुष्य सारा जन्म एका संध्याकाळची वाट पाहतो आणि ती संध्याकाळ कोळंबी सोलीत बसते, यासारिखे दुःख नाही. हे आम्ही हसण्यावारी लिहितो, पण लिहिताना आमचाही हात थोडका जड जाला.

राव खोलीवर परतले. बाई उठोन बसल्या आणि पुसिले, “कसं होतं?” राव बोलिले, “पोपट होते.” मग पोपटांची निंदा सुरू जाली ती सरेना. बाईंनी मध्येच विचारिले की झुंबरे कैसी, आणि खुर्ची खरेच कोणी ओढोन देते काय. पण राव पोपटांवरून हलेनात. मग बाईंनी दिवा मालविला.

दुसरे दिवशी कोल्हापूरचे दंतवैद्य डॉक्टर खर्डेकर यांची गाठ पडली. तेही कोट घेऊन आलेले आणि तेही पोपटांनी घायाळ जालेले. मग उभयतांनी जहाजाच्या वाचनालयात, जेथे पुस्तके थोडी आणि निजलेली माणसे फार, खलबत मांडिले, आणि कोटवाले एकेक येऊन मिळो लागले, आणि कोटपक्ष उभा राहिला. डॉक्टर बोलिले, “आज हाफ पँट घालून आले, उद्या टॉवेल गुंडाळून येतील. कुठंतरी रेघ ओढायला पाहिजे.” राव बोलिले, “रेघ ओढणं हाच माझा धंदा होता.” मग सारे मिळोन कप्तानाकडे गेले. कप्तान परमुलखी, मराठी जाणत नाहीत. मध्ये दुभाष्या म्हणोन भोजनमहालाचे कारभारी गुरुनाथ तांडेल, मूळचे वेंगुर्ल्याचे, उभे राहिले. कप्तानांनी तक्रार ऐकिली. त्यांस दर्या सांभाळावयाचा होता, वारा सांभाळावयाचा होता, आणि आता पाटलोणींची लांबी सांभाळावयास सांगत होते. तांडेल म्हणाले, “साहेब म्हणतात, चालेल. दुसऱ्या थाटरातीला मोठ्या महालात जुना कायदा. बाकीच्यांनी वरच्या डेकवर जेवायचं. पण नियम काय तो आत्ताच नीट सांगा, मग दारात हुज्जत नको.”

येथे रावांमधील निरीक्षक जागा जाला. त्यांणी कोट सांगितला, बो सांगितला, बाह्यांची लांबी सांगितली, आणि खर्डेकर वाहवा करिते जाले म्हणोन आणखी चेव चढला आणि पायांवर उतरले. बोलिले, “पायात चामडी बूट किंवा पोशाखाला शोभेल अशी चप्पल. कापडी, रबरी, दोरीचे बूट आत येणार नाहीत. बाई असो की बुवा, सवलत नाही.” तांडेलांनी विचारिले, “बायकांनाही?” राव बोलिले, “माप सगळ्यांना एकच असतं.” आणि दारावर तांडेलांच्या शेजारी स्वतः उभे राहावयाचे पत्करिले. ही वार्ता हाफपँटपक्षास कळली. ते रागावले, आणि वरील डेकवर आपली पंगत मांडोन मोहित्यांनी तेथे पाटी लाविली की कोट काढून आत या. एक कायदा केला की समोर दुसरा उगवतो, ही राज्यांची जुनी खोड आहे.

दुसऱ्या थाटरातीचे दिवशी जहाज एका बंदरी लागले. मंदाकिनीबाई बाजार पाहावयास उतरल्या, आणि राव कोटपक्षाच्या मसलतीस बसले म्हणोन सवे गेले नाहीत. बाजारातील पायरीवर बाईंचा पाय मुरगळला. लंगडत खोलीवर आल्या ते रावांनी आरशात पाहिले, पण त्या समयी बो तिरपा जात होता. म्हणाले, “जपून चालावं.” मग पाटलोण चढवू गेले तो निराळेच संकट. चार दिवस राज्याचे अन्न खाल्ले त्याचा परिणाम ऐसा की बटण आणि काजे यांची भेट होईना. श्वास रोखोन पाहिले, भिंतीस टेकोन पाहिले, पलंगावर आडवे होऊन पाहिले. ज्यांणी साऱ्या जिल्ह्याची मापे तपासिली त्यांचे स्वतःचे माप चुकले. मग बाईंनी आपल्या परकराची हिरवी नाडी ओढोन काढिली आणि पट्ट्याच्या फाशांतून ओवोन पोटावर गाठ मारोन दिली आणि म्हणाल्या, “कोट काढू नका म्हणजे झालं.” राव निश्चिंत होऊन दारावर पहाऱ्यास गेले. मागे बाईंनी दुसरी नाडी शोधिली, पैठणी नेसल्या, अंबाड्यावर गजरा माळिला, आणि चपलेत पाय घालू पाहिला तो सुजला पाय शिरेना. मग सकाळी फिरावयाचे पांढरे कॅनव्हासचे बूट होते तेच चढविले आणि निऱ्या खाली सोडिल्या.

महालाच्या दारी गर्दी जाली. राव एकेकास आपादमस्तक न्याहाळीत आत सोडीत होते आणि मोठे सुखी होते. तो पैठणी दिसली. मोरपंखी रंग, जरीचा काठ, आणि चेहऱ्यावर हसू, ऐशा मंदाकिनीबाई हळूहळू येत होत्या. उंबरठ्याशी पाऊल उचलिले आणि निरीखालून पांढरा बूट बाहेर आला. तांडेलांनी पाहिला. तांडेल भला मनुष्य, त्यांणी पाहोन न पाहिल्यासारिखे केले, पण मागोन खर्डेकर बोलिले, “कॅनव्हास आहे.” मग महालातील माना वळल्या. तांडेल हळूच रावांस म्हणाले, “साहेब, नियम तुमचा. तुम्ही सांगाल तसं.” रावांनी बुटाकडे पाहिले. सवलत हा एक शब्द पुरता, पण जो शब्द जन्मभर दुसऱ्यांस दिला नाही तो ऐन वेळी ओठी येईना. राव बोलिले, “मंदा, तू वर जाऊन जेव. मी आवरून येतोच.” बाईंनी हसू तसेच ठेविले. “बरं,” म्हणाल्या आणि लंगडत माघारी फिरल्या. खर्डेकरांनी रावांच्या पाठीवर थाप मारिली आणि म्हणाले, “याला म्हणतात कायदा.”

राव आपल्या मेजावर बसले. समोर दुसरी खुर्ची रिकामी. सेवक आला आणि तिजपुढील ताट, काटे, चमचे, पेला, घडी घातलेला रुमाल ऐसे एकेक उचलोन घेऊन गेला, आणि समोरची जागा पुसोन टाकिली. मग टोमॅटोचे सार आले. रावांनी चमचा उचलिला आणि तो हातून निसटोन सार पांढऱ्या वस्त्रावर सांडले. महालात आता पोपट नव्हते. सारे काळे कोट, सारे ताठ, जैसे त्यांणी इच्छिले तैसे. मग राव उठले आणि जिना चढोन वरील डेकवर गेले.

तेथे मोहित्यांची पाटी आडवी आली. मोहिते बोलिले, “काका, या की. फकस्त कोट काढा.” राव बोलिले, “मला तिच्याशी बोलायचं आहे.” मोहिते बोलिले, “बोला की. पर नियम म्हंजे नियम, तुमच्याकडनंच शिकलोय.” पलीकडे बाई बसल्या होत्या, सुजला पाय खुर्चीवर, आणि त्याजवर बर्फाची पुरचुंडी, ती मोहित्यांनीच आणोन दिलेली. रावांनी कोटाच्या बटणांस हात घातला. आत काय आहे हे त्यांस ठाऊक होते. परंतु दुसरी वाट नव्हती, म्हणोन कोट काढिला, आणि पोटावरील हिरवी नाडी, आणि तिची दुहेरी गाठ, आणि गाठीखालील उघडी फट, ऐसे सारे वैभव हाफपँटपक्षाच्या नजरेस पडले. हसण्याचा ऐसा लोट उठला की दर्यास भरती आली वाटावे. राव त्यातून चालत गेले आणि बाईंच्या शेजारी बसले. बाई हसल्या नाहीत.

राव बोलिले, “पाय फार दुखतोय का?” बाई बोलिल्या, “आता विचारताय.” मग पायावरील पुरचुंडी सारखी करीत बोलिल्या, “मला तिथं जेवायचं होतं हो.” राव बोलिले, “मला वाटलं, तुला त्या थाटाचं काही नाही. तू कधी म्हणाली नाहीस.” बाई बोलिल्या, “तुम्ही कोटाबद्दलच बोलत होतात, त्यात मी कुठं शिरणार? लग्न झाल्यापासून पानं मी वाढतेय. सगळ्यांचं झालं की उरलेलं घेऊन ओट्याशी बसते. मला एकदा बघायचं होतं, कुणी खुर्ची मागं ओढून ‘बसा’ म्हणतं तेव्हा कसं वाटतं. ती पैठणी त्यासाठी होती. तुमच्या कायद्यासाठी नव्हती.” राव बोलिले, “चुकलं माझं. मला बूट दिसले ते—” बाई बोलिल्या, “बूटच दिसले. दारात तुम्ही माझ्या पायाकडं बघितलंत. तोंडाकडं बघितलंच नाहीत.”

बखरकारांनी पुष्कळ शिकस्ती, म्हणजे पराभव, ऐकिल्या आहेत, परंतु बर्फाच्या पुरचुंडीशेजारी बसोन खाल्लेली ऐसी शिकस्त ऐकिली नाही. राव उठले आणि हात पुढे केला आणि म्हणाले, “चल.” बाई बोलिल्या, “कुठं? तुम्हीच तर—” राव बोलिले, “चल म्हणतो ना.” कोट खुर्चीवरच राहिला. मोहित्यांनी हाक मारोन सांगितले तरी रावांनी मागे पाहिले नाही.

महालाच्या दारी आले तो तांडेल गोंधळले. पूर्वी एकच कसूर होती, आता बाईंचे बूट आणि रावांचा कोट नाही आणि नाडी उघडी, ऐशा तीन जाल्या. राव बोलिले, “तांडेल, हिला आत बसवा. मी बाहेर थांबेन, पाहिजे तर.” आतून खर्डेकर उठले आणि बोलिले, “बेंद्रे, हे काय? नियम तुम्हीच सांगितलात. घरचं माणूस आलं की माप बदलतं काय?” राव बोलिले, “माप चुकीचं होतं. चुकीचं माप जप्त करायचं असतं, ते मी आज करतोय.” खर्डेकर बोलिले, “मग उद्या पोपट येतील.” राव बोलिले, “येऊ देत.” मग खर्डेकर मोठ्याने म्हणाले की असे चालणार नाही, आणि कारभाऱ्यांनी कायद्याप्रमाणे वागावे. ते समयी त्यांचे कुटुंब वीणाबाई, ज्या आजवर चकार शब्द बोलिल्या नव्हत्या, चमचा खाली ठेवोन बोलिल्या, “अहो, बसा खाली. कायद्यानं मलाही बाहेर जावं लागेल.” आणि शालूची किनार बोटभर वर केली. पाय अनवाणी. उंच टाचांच्या चपला मेजाखाली लवंडलेल्या. वीणाबाई बोलिल्या, “आल्या आल्या काढल्या. टाचा सोलून निघाल्यात.” मग शेजारील मेजावरची एक बाई हसली आणि तिणेही पाय पुढे केले, तेही अनवाणी, आणि मग दुसरी, आणि मग तिसरी. पांढऱ्या वस्त्रांखाली साऱ्या महालातील बायका पाय मोकळे करोन बसल्या होत्या, आणि मेजाच्या वर कोटपक्षाचे राज्य निर्वेध चालले होते, आणि कोणा पुरुषास पत्ता नव्हता. दोघातिघा कोटवाल्यांनी हळूच आपलेही बूट सैल केले. साऱ्यांनी मुख्य मेजावर जेवीत बसलेल्या कप्तानाकडे पाहिले. कप्तानांनी रावांची नाडी पाहिली, अनवाणी पाय पाहिले, आणि सार पुढे ओढोन पिऊ लागले. हाच हुकूम समजोन तांडेल पुढे जाले, आणि खुर्ची मागे ओढिली, आणि किंचित लवोन बोलिले, “बसा, बाई.”

मंदाकिनीबाई बसल्या. तांडेलांनी रुमाल मांडीवर अंथरिला. बाईंनी वर झुंबरांकडे पाहिले, मग पांढऱ्या वस्त्रावर तळहात फिरविला, मग हात मांडीवर घेऊन कोणी वाढावे याची वाट पाहत्या जाल्या. एकेक पदार्थ आला तो सावकाश खाल्ला. मध्येच रावांच्या पोटावरील गाठ काचू लागली आणि ते कानाशी बोलिले, “झालं का? निघूया?” बाई बोलिल्या, “तुम्ही निघा पाहिजे तर. मी जेवतेय.” राव बसोन राहिले. तोवर मोहिते आपल्या पोपटांसह दारात आले आणि विचारिते जाले की काका, आम्हांस परवानगी हाय काय. आणि रावांनी हाताने बसा म्हणोन खूण केली, आणि खर्डेकरांनी मान दुसरीकडे केली, पण उठले नाहीत. शेवटील गोड संपले आणि तांडेल येऊन अदबीने पुसते जाले, “बाई, जेवण कसं होतं?” मंदाकिनीबाई विचार करोन बोलिल्या, “मीठ कमी होतं सगळ्याला. पण छान. मी केलेलं नव्हतं ना.”

येणेप्रमाणे थाटरातीचा कज्जा मिटला. पुढील सफरीपासोन त्या राज्यात रिवाज ऐसा पडला की ज्यास थाट करणे त्याने करावा, ज्यास नाही त्याने न करावा, आणि दारात पाहणे ते तोंडाकडे पाहावे. कोटपक्ष म्हणतो फत्ते आमची, हाफपँटपक्ष म्हणतो आमची, आणि बायका यात बोलिल्या नाहीत. बखर भारदस्त उतरावी म्हणोन आम्हीही गळ्यास टाय बांधोन लिहावयास बसलो होतो, घरात पाहावयास कोणी नसता. आता मान आवळली आहे, म्हणोन लेखनसीमा.